झोनच्या मिलिमीटरला अर्थ येतो कुठून? डिस्क पद्धतीची संवेदनशीलता चाचणी, पायरीपायरीने

ई. कोलाय हा जिवाणू पेरलेल्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची कागदी डिस्क ठेवली आणि तिच्याभोवती २२ मिमीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला मोकळा गोल, आला असं समजू. अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेच्या २०१८ च्या तक्त्यानुसार तो 'सेन्सिटिव्ह' (एस, औषधाला दाद देणारा) होता, कारण तेव्हा २१ मिमी पुरेसे होते. २०१९ मध्ये निकष बदलला. आता २६ किंवा जास्त असेल तर सेन्सिटिव्ह, २२ ते २५ मधला गट (आय) आणि २१ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट (आर, दाद न देणारा). जिवाणू तोच, झोन तोच, रिपोर्टवरचं अक्षर मात्र वेगळं.

नवशिक्या तंत्रज्ञाला मी पहिल्या दिवशी हेच उदाहरण देतो. झोनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो तक्त्याशी ताडून पाहायचा असतो. तक्ता बनवणाऱ्यांनी ठराविक माध्यम, ठराविक जाडी, ठराविक गढूळपणा, ठराविक तापमान आणि ठराविक वेळ धरून हजारो प्लेट लावल्या. आपली प्लेट त्यांच्या प्लेटसारखी असेल तरच त्यांचा तक्ता आपल्याला लागू होतो. खाली दिलेल्या पायऱ्या कधीकधी कर्मकांडासारख्या वाटतील, पण त्यातल्या प्रत्येकीचं काम एवढंच आहे.

आधी शर्यत समजून घ्या

डिस्क ओल्या आगारला, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाला, टेकली की औषध लगेच झिरपायला लागतं. डिस्कजवळ त्याचं प्रमाण जास्त असतं आणि लांब जावं तसं ते घटत जातं. इकडे जिवाणूही स्वस्थ बसलेले नसतात, ते दुप्पट-चौपट होत असतात. पहिल्या काही तासांतच एक क्षण असा येतो की एखाद्या जागी जिवाणूंची गर्दी इतकी झालेली असते की तिथे पोचलेलं औषध त्यांना आवरू शकत नाही. झोनची कड तिथे ठरते. सकाळी आपण जे मोजतो, तो आदल्या रात्रीच लागलेला निकाल असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. जिवाणू जास्त पेरले तर ते शर्यत लवकर जिंकतात आणि झोन लहान होतो, म्हणून पेरणीचं प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं. दुसरी गोष्ट म्हणजे लहान रेणूचं औषध भराभर पसरतं आणि मोठ्या रेणूचं रेंगाळतं, त्यामुळे दोन औषधांच्या झोनची एकमेकांशी तुलना करता येत नाही. 'याचा झोन सर्वांत मोठा, म्हणजे हेच औषध सर्वांत भारी' हा समज वैद्यकीय विद्यार्थ्यांतही आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. एका औषधाचा १८ मिमी सेन्सिटिव्ह असू शकतो आणि दुसऱ्याचा २१ मिमी रेझिस्टंट.

१९६६ मध्ये सिएटलच्या बाउअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांनी एकाच ताकदीची एकेक डिस्क वापरून प्रमाणित पद्धत मांडली, तीच आज 'किर्बी-बाउअर' म्हणून ओळखली जाते. त्यांनी डिस्क शोधून काढली नाही, डिस्क आधीपासून होती. बाकीच्या गोष्टी त्यांनी बांधून दिल्या.

माध्यम: चार मिलिमीटर

रोजच्या जिवाणूंसाठी म्युलर-हिंटन आगार लागतं. म्युलर आणि हिंटन यांनी ते १९४१ मध्ये गोनोकॉकस आणि मेनिंगोकॉकस वाढवण्यासाठी बनवलं. गंमत अशी की सीएलएसआयच्या पद्धतीत गोनोकॉकसची संवेदनशीलता मात्र त्यावर तपासत नाहीत, त्याला वेगळं माध्यम लागतं.

आगारची जाडी ४ मिमी हवी. १०० मिमीच्या प्लेटमध्ये २५ ते ३० मिलि, १५० मिमीच्या प्लेटमध्ये ६० ते ७० मिलि ओतलं की साधारण तेवढी जाडी येते. थर पातळ असेल तर झोन फुगतात, जाड असेल तर आकसतात. ओतताना टेबल सपाट आहे का हे पाणसळ ठेवून एकदा तपासा. कललेल्या टेबलावरच्या प्लेटमध्ये एका बाजूचा झोन दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा येतो आणि दोष डिस्कवर जातो.

थंड झालेल्या आगारचा पीएच ७.२ ते ७.४ असावा. पीएच घसरला तर जेंटामायसिन आणि एरिथ्रोमायसिनची ताकद कमी भासते, टेट्रासायक्लिनची जास्त. कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढलं की स्युडोमोनासवर जेंटामायसिनचे झोन लहान होतात. थायमिडिन जास्त असेल तर कोट्रायमॉक्सॅझोलचे झोन धूसर होतात किंवा दिसतच नाहीत. माध्यमाची पावडर नामांकित आहे म्हणून या तपासण्या सोडू नका. प्रत्येक नव्या लॉटला त्या लागतात.

प्लेट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पृष्ठभागावर किंवा झाकणावर थेंब दिसत असतील तर झाकण किंचित उघडं ठेवून ३५ अंशांवर १० ते ३० मिनिटं वाळवा. पृष्ठभाग ओलसर हवा, पण त्यावर पाणी साचलेलं नको.

डिस्क आणि तिची नाजूक प्रकृती

डिस्क ६ मिमी व्यासाची असते. साठा उणे २० अंशांवर किंवा त्याखाली आणि रोजच्या वापराच्या कुप्या २ ते ८ अंशांवर ठेवायच्या, शोषकासह घट्ट बंद डब्यात. बीटा-लॅक्टम गटाला (पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातली औषधं) दमट हवा सोसत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या डिस्क आणि इमिपेनेम तर फारच नाजूक.

सगळ्यात जास्त नुकसान एका साध्या सवयीने होतं: फ्रीजमधून डबा काढला आणि लगेच उघडला. थंड डिस्कवर हवेतली वाफ बसते आणि औषध तिथेच विघटित व्हायला लागतं. डबा बंदच ठेवून तासभर खोलीत राहू द्या, मग उघडा. एका प्रयोगशाळेत अँपिसिलिनचे झोन सलग काही आठवडे लहान येत होते. माध्यम बदललं, स्ट्रेन (जिवाणूचा वाण) बदलला, तरी उपयोग होईना. अखेर कळलं की रोज सकाळी सर्वांत आधी येणारी व्यक्ती 'वेळ वाचवण्यासाठी' डबा उघडून ठेवत असे.

पेरणी: इथे घाई नको

शुद्ध कल्चर घ्या. १८ ते २४ तासांची, निवडक नसलेल्या माध्यमावरची वाढ हवी. सारख्या दिसणाऱ्या ४-५ कॉलनींना (वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांना) लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, वरवर स्पर्श करा. एकच कॉलनी घेतली तर प्रतिकाराचा प्लाझ्मिड (डीएनएचा सुटा तुकडा) नेमका तिनेच गमावलेला असण्याची शक्यता उरते. आणि मिश्र वाढीवर चाचणी लावणं म्हणजे दोन माणसांचा रक्तदाब एकाच पट्ट्याने मोजणं.

त्या कॉलनी निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळा आणि गढूळपणा ०.५ मॅक्फार्लंड मानकाशी जुळवा. ई. कोलायच्या बाबतीत याचा अर्थ मिलिलिटरमागे साधारण १० ते २० कोटी जिवाणू. मानक घरी करायचं असेल तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं द्रावण ०.५ मिलि घेऊन ते १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडच्या ९९.५ मिलिमध्ये ढवळत मिसळा. ६२५ नॅनोमीटरवर शोषण ०.०८ ते ०.१३ च्या दरम्यान यायला हवं. मानकाची नळी वापरण्याआधी जोरात हलवा, कारण बेरियम सल्फेट तळाशी बसतं. तुलना करताना दोन्ही नळ्या काळ्या रेषा असलेल्या पांढऱ्या कार्डासमोर धरा. नुसत्या डोळ्याचा अंदाज दुपारनंतर बदलतो, म्हणून शक्य असेल तर गढूळपणा मोजणारं यंत्र वापरावं.

आता घड्याळ सुरू होतं. सस्पेन्शन तयार झाल्यापासून १५ मिनिटांत पेरायचं. पेरल्यापासून १५ मिनिटांत डिस्क ठेवायच्या. डिस्क ठेवल्यापासून १५ मिनिटांत प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली पाहिजे. प्रत्येक टप्प्यात उशीर झाला की शर्यतीत एका बाजूला आगाऊ सुरुवात मिळते: पेरून ठेवलेल्या प्लेटवर जिवाणूंना, डिस्क लावून टेबलावर राहिलेल्या प्लेटवर औषधाला. वीस नमुने असतील तर वीसही सस्पेन्शन एकदम बनवून ठेवायचा मोह होतो. चार-चारचे गट करा.

कापसाचा निर्जंतुक स्वॅब सस्पेन्शनमध्ये बुडवा, नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून फिरवा आणि जादा द्रव काढा. पूर्ण पृष्ठभागावर एका दिशेने जवळजवळ रेघा ओढा, प्लेट ६० अंश फिरवून पुन्हा, आणखी ६० अंश फिरवून तिसऱ्यांदा. शेवटी कडेने एक फेरा. ३ ते ५ मिनिटं ओल शोषू द्या.

एक सावधगिरी. हळू वाढणारे, ग्रॅम-निगेटिव्ह, बारीक कोकोबॅसिलस दिसले आणि ब्रुसेलाचा संशय आला तर सस्पेन्शन उघड्या टेबलावर बनवू नका. हवेत उडालेल्या कणांतून प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत या जिवाणूचं नाव अग्रभागी आहे. असा नमुना सुरक्षा कॅबिनेटमध्ये आणि वरच्या प्रयोगशाळेकडे.

डिस्क ठेवणे

दोन डिस्कच्या मध्यबिंदूंत २४ मिमी अंतर राहील असं पाहा. १५० मिमीच्या प्लेटवर जास्तीत जास्त १२, १०० मिमीच्या प्लेटवर ५. प्रत्येक डिस्क चिमट्याच्या टोकाने हलकी दाबा. एकदा टेकलेली डिस्क सरकवायची नाही, औषध त्याच क्षणी झिरपायला लागलेलं असतं. चुकीच्या जागी पडली तर ती तिथेच राहू द्या आणि नवी डिस्क दुसरीकडे ठेवा.

स्टॅफिलोकॉकस असेल तर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन मुद्दाम शेजारी ठेवा, कडेपासून कडेपर्यंत १५ ते २६ मिमी अंतरावर. क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा होऊन इंग्रजी 'डी'सारखा दिसला तर जिवाणूत दडलेला प्रतिकार एरिथ्रोमायसिनमुळे जागा झालेला असतो. झोन मोठा असला तरी रिपोर्टवर क्लिंडामायसिन रेझिस्टंट लिहायचं. याला एकही जादा डिस्क लागत नाही, फक्त जागा नीट निवडावी लागते, आणि तरीही ही चाचणी चुकवलेली मी वारंवार पाहिली आहे.

इन्क्युबेशन

प्लेट उलट्या ठेवा, पाचपेक्षा जास्त एकावर एक रचू नका, कारण मधल्या प्लेट उशिरा गरम होतात. ३५ अंश, साधी हवा, १६ ते १८ तास. मेथिसिलिन-प्रतिकारी स्टॅफिलोकॉकस शोधताना ३५ च्या वर जाऊ नका, तो प्रतिकार जास्त उष्णतेत लपतो. कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये रोजच्या प्लेट टाकू नका, पृष्ठभाग आम्लधर्मी होतो आणि पीएचबद्दल वर सांगितलेला घोळ सुरू होतो. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलसला तो वायू लागतो, पण त्यांचं माध्यम आणि त्यांचा तक्ता वेगळा आहे.

वाचन

आधी झोन मोजू नका, प्लेट पाहा. वाढ सलग आणि एकसारखी आहे का? सुट्या कॉलनी दिसत असतील तर पेरणी पातळ झाली, प्लेट पुन्हा लावा. झोन गोल आहेत का? नसतील तर डिस्क फार जवळ होत्या किंवा पृष्ठभाग ओला होता.

मग प्लेट काळ्या, चमक नसलेल्या पृष्ठभागावर धरा, वरून उजेड पाडा आणि पाठीमागून व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजा, डिस्कची रुंदी धरून. नुसत्या डोळ्यांना वाढ जिथे पूर्ण संपलेली दिसते ती कड. भिंगाने शोधाव्या लागणाऱ्या बारीक धुरकट वाढीकडे दुर्लक्ष. रक्त घातलेली प्लेट असेल तर झाकण काढून पुढून मोजायचं आणि वाढीची कड मोजायची, रक्त विरघळल्याची नव्हे.

अडचणीच्या जागा ठरलेल्या असतात. प्रोटियस लाटेसारखा पसरतो आणि झोनमध्ये पातळ पडदा ओढतो. तो पडदा सोडून ठळक कड घ्या. कोट्रायमॉक्सॅझोलच्या झोनमध्ये फिकट वाढ राहते, कारण औषधाचा परिणाम व्हायला जिवाणूंना काही पिढ्या लागतात. सलग वाढीच्या पाचव्या हिश्श्याहून फिकट असेल तर सोडून द्या. मात्र झोनच्या आत ठसठशीत सुट्या कॉलनी असतील तर त्या सोडायच्या नाहीत. एक तर कल्चर मिश्र आहे, नाही तर जिवाणूंतला काही हिस्सा खरोखर प्रतिकारी आहे. ती कॉलनी उचला, पुन्हा ओळखा, पुन्हा चाचणी लावा. आणि लिनेझोलिडसारख्या काही औषधांना स्टॅफिलोकॉकसवर प्लेट उजेडासमोर धरून वाचायचं असतं. कुठल्या औषधाला कुठला उजेड, हे त्या वर्षीच्या तक्त्यात दिलेलं असतं, पाठ करण्याची गरज नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा मेथिसिलिन-प्रतिकार मेथिसिलिनने तपासत नाहीत. ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची डिस्क ते काम जास्त भरवशाने करते: २२ मिमी किंवा जास्त तर संवेदनशील, २१ किंवा कमी तर प्रतिकारी. इथे एका मिलिमीटरवर रुग्णाची सगळी उपचारदिशा ठरते. दोन जणांनी स्वतंत्र मोजावं.

कंट्रोल स्ट्रेन

रुग्णाची प्लेट बरोबर लागली का, हे रुग्णाची प्लेट सांगत नाही. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जिवाणू सोबत लावायचा: ई. कोलाय एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणूसंग्रह) २५९२२, स्टॅफिलोकॉकस ऑरियस २५९२३, स्युडोमोनास एरुजिनोसा २७८५३. ई. कोलायच्या या स्ट्रेनवर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिमीत आलाच पाहिजे. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जिवंत आहे का, हे तपासायला ई. कोलाय ३५२१८ लागतो, कारण तो बीटा-लॅक्टम औषधं तोडणारं बीटा-लॅक्टमेज बनवतो आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तेच रोखतं.

कंट्रोल चुकला की कुठे पाहायचं? सगळेच झोन मोठे असतील तर पेरणी पातळ किंवा आगार पातळ. सगळेच लहान असतील तर उलट. फक्त बीटा-लॅक्टम लहान असतील तर डिस्कला ओल लागली. फक्त स्युडोमोनासवर जेंटामायसिन लहान असेल तर माध्यमातले क्षार तपासा. फक्त कोट्रायमॉक्सॅझोल धूसर असेल तर थायमिडिन. आणि एकच आकडा वेडावाकडा असेल तर आधी डिस्कवरची अक्षरं पुन्हा वाचा, दुसरीच डिस्क पडलेली असते. कंट्रोल मर्यादेबाहेर असताना त्या औषधाचा रुग्णाचा निकाल पाठवायचा नाही, मग वॉर्डातून कितीही फोन येवोत.

डिस्क जिथे हरते

कॉलिस्टिनचा रेणू मोठा आणि आगारमध्ये न सरकणारा. त्याची डिस्क लावू नका, झोन दिसला तरी तो विश्वासाचा नाही. स्टॅफिलोकॉकसवर व्हॅन्कोमायसिनचंही तसंच. डिस्क मधल्या दर्जाचा प्रतिकार पकडू शकत नाही. अशा वेळी एमआयसी, म्हणजे दिसणारी वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण, थेट मोजावं लागतं.

संदर्भ पद्धत ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन. छोट्या खाचांच्या ट्रेमध्ये औषध दुपटीच्या चढाने ठेवतात: ०.२५, ०.५, १, २, ४ असं मायक्रोग्रॅममध्ये. प्रत्येक खाचेत अखेरीस मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू पडतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ वापरतात. ज्या पहिल्या खाचेत वाढ दिसत नाही ती एमआयसी. औषधाविना एक खाच आणि जिवाणूंविना एक खाच हवीच, आणि पेरणीचा एक थेंब साध्या प्लेटवर ओढून शुद्धता पाहायची. वाढ, मोकळी खाच, पुन्हा वाढ असा दात पडलेला क्रम दोन ठिकाणी दिसला तर ट्रे फेटाळा. ग्रेडियंट पट्टी, म्हणजे औषध चढत्या प्रमाणात लावलेली पट्टी, हा सोयीचा मार्ग आहे. झोनचं लंबवर्तुळ पट्टीला जिथे छेदतं तो आकडा वाचायचा आणि दोन खुणांच्या मध्ये आला तर वरची खूण धरायची. कॉलिस्टिनसाठी पट्टीही चालत नाही.

अक्षर लिहिण्याआधी

सीएलएसआयचा तक्ता वापरा किंवा युरोपच्या यूकास्टचा, पण एका निकालात दोन्हींची सरमिसळ नको. दोन्हींत 'आय'चा अर्थही सारखा नाही. यूकास्टने २०१९ पासून त्याचा अर्थ 'औषध शरीरात जास्त प्रमाणात मिळालं तर संवेदनशील' असा ठरवला आहे. म्हणजे तो संशयाचा शेरा नसून मात्रेची सूचना आहे. डॉक्टर 'आय' पाहून औषध सोडून देत असतील तर त्यांना हे समजावणं प्रयोगशाळेचं काम आहे.

मग निकाल जिवाणूच्या स्वभावाशी ताडा. क्लेब्सिएल्ला अँपिसिलिनला जन्मजात दाद देत नाही. सेन्सिटिव्ह आला तर ओळख चुकली किंवा डिस्क. एन्टेरोकॉकसवर सेफलोस्पोरिन निरुपयोगी. प्रोटियस मिराबिलिस नायट्रोफ्युरंटॉइनला प्रतिकारी. साल्मोनेलावर जेंटामायसिनचा झोन सुरेख दिसतो, पण रुग्णात ते काम करत नाही, म्हणून ते संवेदनशील म्हणून कळवायचंच नाही. आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस व्हॅन्कोमायसिनला रेझिस्टंट आला तर कुणालाही कळवण्याआधी शुद्धता, ओळख आणि एमआयसी पुन्हा तपासा. पुन्हा तेच आलं तर लगेच फोन.

या फेरतपासणीसाठीच रिपोर्टवर सही होईपर्यंत प्लेट टाकू नयेत. वाचून झाल्या की त्या फ्रीजमध्ये ठेवा आणि मूळ जिवाणू एका तिरप्या आगारवर वेगळा जपा. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तर उत्तर त्या नळीत असतं. सही झाल्यावर प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांवर, पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचेल एवढा वेळ देऊन, आणि मगच कचऱ्यात.